दुखणं सोसलं की खांदा सुटतो का?

आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.

माझं वय ५४. कराडला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. आठ वर्षांपासून मधुमेह आहे. पाच महिन्यांपूर्वी माळ्यावरचं पातेलं काढताना डाव्या खांद्यात कळ आली. वाटलं, शीर आखडली असेल, आठवड्यात जाईल. पण दुखणं वाढतच गेलं. आता रात्री त्या कुशीवर वळले की जाग येते. अंबाडा घालता येत नाही. पाठीमागचे हूक सूनबाई लावून देते आणि मला फार संकोच वाटतो. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं. एक्स-रे चांगला आहे म्हणाले. फिजिओथेरपीची बारा सिटिंग झाली. तिथे दहा मिनिटं शेक, दहा मिनिटं करंट, मग मला आडवं करून हात डोक्याच्या वर दाबतात. डोळ्यांतून पाणी येतं. त्या रात्री झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटवत नाहीत. तिथले सर म्हणतात, सोसलं नाही तर हात असाच राहील. शेजारच्या वहिनींच्या बहिणीचा खांदा रडत रडतच सुटला म्हणे. मध्ये गावाकडच्या एकांनी तेल लावून हाताला हिसका दिला, तेव्हा दोन दिवस हात पोटाशी धरून बसले होते. आता डॉक्टर सांध्यात इंजेक्शन घ्या म्हणतात, पण साखरेची भीती वाटते. दुसरे डॉक्टर भूल देऊन खांदा मोकळा करू म्हणाले. मी काय करू? दुखणं सोसायचं का? हात पहिल्यासारखा होईल का? आणि उजव्यालाही होईल का?

– एक भगिनी, कराड

*

ताई, नमस्कार.

पत्र वाचून आधी काळजी वाटली ती त्या हिसक्याची. आखडलेला खांदा हिसक्याने सुटत नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या खांद्याला असा हिसका बसला तर आतले स्नायूंचे दोर फाटू शकतात, हाडं ठिसूळ झालेली असतील तर दंडाचं हाडसुद्धा मोडू शकतं. पुन्हा कुणी कितीही मायेने म्हणालं तरी तसं करू देऊ नका. आणि त्या दिवसापासून हातातली ताकद एकदम गेल्यासारखी वाटत असेल, हात दुखण्यामुळे अडत नसून उचलायचं बळच नाही असं होत असेल, तर हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. सोनोग्राफीत दोर शाबूत आहेत का ते कळतं. हे आधी बघून घ्या, बाकीचं नंतर.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सोसायचं का? आज तरी नाही. रात्रीची झोप उडवणारं आणि दुसऱ्या दिवशी लाटणं हातात धरू न देणारं दाबणं तुमच्या खांद्याला आत्ता नको आहे. चार-सहा महिन्यांनी कदाचित मीच तुम्हाला म्हणेन की थोडी ओढ बसू द्या, घाबरू नका. खांदा तोच, बाई तीच, पण उत्तर बदलेल. कारण हा आजार टप्प्याटप्प्याने चालतो आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा हात लागतो.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी एक बस कंडक्टर माझ्याकडे यायचे. त्यांचाही डावाच खांदा, तुमच्यासारखाच चार-पाच महिन्यांचा. मी त्यांचा हात रोज जोर लावून वर न्यायची. ते दात-ओठ आवळून म्हणायचे, "मॅडम, तुम्ही करा, मी सोसतो." कोनमापक लावला की सुरुवातीपेक्षा पाच-सात अंश जास्त यायचे आणि मला बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी ते पाच-सात अंश गेलेले असायचे आणि सोबत आणखी दोन-तीन. तिसऱ्या आठवड्यात ते आले तेव्हा हात पोटाशी धरलेला, चेहरा जागरणाने काळवंडलेला. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी मला काही बोल लावला नाही. त्यांनी त्या गृहस्थांना झोपवलं, दंडाखाली दोन उशा ठेवल्या आणि दंडाचा वरचा भाग दोन्ही हातांत धरून अगदी थोडासा, पाळणा हलवावा तसा, मागे-पुढे हलवत राहिल्या. पंधरा मिनिटांत तो माणूस टेबलावरच झोपी गेला. त्या माणसाचे तीन आठवडे मी विनाकारण यातनेत घालवले. तुमच्या पत्रातलं 'हात पोटाशी धरून' हे वाचलं आणि तो चेहरा समोर आला.

आत काय होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा असतो आणि तो टेकतो ती खोबणी बशीसारखी उथळ. या दोघांना भोवतालून धरून ठेवणारं एक पातळ आवरण असतं. आपण त्याला कॅप्सूल म्हणतो. हे आवरण काखेच्या बाजूला मुद्दाम सैल असतं, ब्लाउज शिवताना काखेत जास्तीचं कापड सोडावं तसं. हात वर केला की ती घडी उलगडते. फ्रोझन शोल्डरमध्ये या आवरणाला आधी सूज येते, ते लालबुंद होतं. मग ते जाड होत जातं, आकसतं आणि काखेतली घडी आपल्याच अंगाला चिकटल्यासारखी होते. निरोगी सांध्यात पंधरा मिली किंवा त्याहून जास्त द्रव सहज मावतो. आखडलेल्या सांध्यात दहा मिलीसुद्धा भरताना अडचण येते. बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ मध्ये 'फ्रोझन शोल्डर' हे नाव दिलं. आवरण जाड होऊन चिकटतं, हे १९४५ मध्ये नेव्हायझर यांनी दाखवलं.

म्हणजे सुरुवातीचे महिने हा सुजेचा काळ असतो. साधारण २ ते ९ महिने. रात्री दुखणं, कुशीवर झोपता न येणं, चुकून धक्का लागला की जीव कळवळणं ही त्याची खूण. त्यानंतर ४ ते १२ महिने दुखणं उतरतं पण हात अडून बसतो. आणि शेवटी हळूहळू सुटायला लागतो. त्याला पाच-सहा महिने ते दोन वर्षंही लागतात. या काळांच्या सीमा काटेकोर नसतात, एकात एक मिसळतात. तुमचे पाच महिने झालेत आणि रात्र अजून वैरीण आहे. त्यामुळे तुम्ही पहिल्या टप्प्यात किंवा त्याच्या अखेरीला आहात, असं पत्रावरून वाटतं. सुजलेल्या आवरणाला जोराने ताणलं तर सूज वाढते, स्नायू घाबरून आणखी घट्ट धरतात. नुकती मळलेली कणीक मुरू न देता लाटायला घेतली तर पोळी ओढून घेते आणि कडेला फाटते, हे मी तुम्हाला काय सांगायचं!

नेदरलँड्समधल्या डीर्क्स आणि स्टीव्हन्स या संशोधकांनी २००४ मध्ये ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला दुखण्याच्या पलीकडे जाऊन जोरकस फिजिओथेरपी दिली. दुसऱ्या गटाला आजार समजावून सांगितला, दुखेल तिथे थांबायला सांगितलं, झोक्याचे साधे व्यायाम दिले आणि झेपेल तेवढी रोजची कामं करू दिली. दोन वर्षांनी सौम्य वागणूक मिळालेल्यांपैकी ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता. जोर लावलेल्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होतं. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, पण माझा त्या कंडक्टरांचा अनुभव आणि नंतरच्या इतक्या वर्षांचं काम त्याच्याशी जुळतं. शेजारच्या वहिनींच्या बहिणीचा खांदा सुटला तो रडण्यामुळे सुटला असं मला वाटत नाही. तो सुटायच्या वेळेलाच आला असावा.

याचा अर्थ हात बांधून ठेवायचा असाही नाही. झोळीत अडकवलेला हात आणखी आखडतो. प्रश्न मापाचा आहे. व्यायाम करताना दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ देऊ नका. थांबल्यावर अर्ध्या तासात ते पूर्वीच्या पातळीवर उतरलं पाहिजे. आणि त्या रात्रीची झोप नेहमीपेक्षा वाईट झाली, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा. बंद नाही, निम्मा. कोनमापकापेक्षा मी रात्रीवर जास्त विश्वास ठेवते.

फिजिओच्या हातांनी सध्या काय व्हायला हवं ते सांगते. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी सांधा हलवण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या आणि आम्ही सगळे त्याच भाषेत बोलतो. पहिल्या पायरीत सांध्याची हालचाल जिथे सुरू होते तिथेच अगदी छोटे झोके. दुसरीत मोठे झोके, पण अडथळा लागायच्या आत. तिसरीत मोठे झोके अडथळ्यापर्यंत आणि त्यात शिरून. चौथीत त्या अडथळ्यातच छोटे झोके. पहिल्या दोन पायऱ्या दुखणं शांत करायला, शेवटच्या दोन आखडलेलं आवरण सैल करायला. तुमच्या सरांनी बहुधा तिसऱ्या-चौथ्या पायरीचं काम पहिल्या टप्प्यात सुरू केलंय. ते वाईट हेतूने नाही, मीही केलंच होतं. त्यांना सरळ सांगा, "सर, माझं दुखणं रात्री जास्त आहे, दाबल्यावर दोन दिवस कामच होत नाही. सध्या पहिल्या-दुसऱ्या ग्रेडचं मोबिलायझेशन करूया का?" चांगला थेरपिस्ट हे ऐकून रागावणार नाही. तो विचारेल की रात्री किती वेळा जाग येते. ऐकूनही दाबणं चालूच राहिलं, तर दुसरा थेरपिस्ट शोधा.

शेक घ्या. त्याने स्नायू सैलावतात, व्यायामाआधी दहा-पंधरा मिनिटं चांगला. तुम्हाला मधुमेह आहे, त्वचेची जाण कमी असू शकते, म्हणून पिशवी उजव्या हाताने आधी तपासा आणि मध्ये टॉवेल ठेवा. करंटने दुखणं थोडा वेळ दबतं, हरकत नाही. पण करंट किंवा अल्ट्रासाउंडच्या मशीनने आवरण सैल होतं असं मानू नका. अर्ध्या तासाच्या सिटिंगमध्ये वीस मिनिटं मशीनला जात असतील तर मला ते पटत नाही. या आजारात खरं काम हाताचं आणि घरच्या व्यायामाचं आहे.

घरी आत्ता तीन गोष्टी करा. पहिला झोका. हाच तो कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा व्यायाम आणि बहुतेक लोक तो चुकीचा करतात. उजवा हात ओट्यावर टेकवून कमरेतून पुढे वाका, डावा हात दोरीला बांधलेल्या तांब्यासारखा लोंबता सोडा. आता हात फिरवायचा नाही. कमरेतून अंग थोडं पुढे-मागे डोलवायचं, हात आपोआप हलेल. मग डावीकडे-उजवीकडे, मग ताटलीएवढी गोल. दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. हातात वजन सध्या धरू नका. खांद्याचे स्नायू काम करताहेत असं जाणवलं तर समजा, हात सोडलेला नाही. वाकल्यावर चक्कर येत असेल तर खुर्चीत बसून डावीकडे झुका आणि तेच करा.

दुसरा, टेबलावर सरकणं. स्टुलावर बसा, दोन्ही तळवे एका रुमालावर ठेवा आणि अंगच पुढे झुकवत रुमाल सरकवत जा. हात वर उचलायचा म्हटलं की मन आणि स्नायू दोन्ही दचकतात. अंग पुढे गेलं की तोच हात नकळत वर जातो. सावकाश दहा वेळा.

तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. पाठीवर झोपा, डाव्या दंडाखाली टॉवेलची घडी ठेवा म्हणजे कोपर खाली पडणार नाही. दोन्ही कोपरं अंगालगत, काटकोनात वाकलेली. दोन्ही हातांत एक काठी धरा. लाटणं आखूड पडेल, छत्री चालेल. उजव्या हाताने काठी ढकलत डावा पंजा बाहेरच्या बाजूला न्या, कोपर अंगापासून सुटू न देता. दहा वेळा, दुखण्याच्या अलीकडे थांबून. हे बाहेर फिरवणं या आजारात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडतं. मी कुणाचाही खांदा तपासताना पहिल्यांदा हेच बघते, आणि रुग्णाने स्वतः फिरवला तरी आणि मी फिरवला तरी हात एकाच ठिकाणी अडला, तर फ्रोझन शोल्डरची शंका बळावते. दोर फाटलेला असेल तर बहुतेक वेळा मी फिरवल्यावर हात पुढे जातो. पंजा बाहेर फिरणं थोडं मोकळं झाल्याशिवाय हात डोक्यावर नेण्याचा अट्टहास केला की गोळा वर सरकून खांद्याच्या छतावर आपटतो. सगळ्यांना घाई असते ती हात वर नेण्याची आणि पाठीमागे नेण्याची. टॉवेल पाठीमागे धरून वर खेचायचा व्यायाम तर शेजारीपाजारीसुद्धा शिकवतात. तुम्ही तो आत्ता करू नका. पाठीमागची हालचाल बहुतेकांची सगळ्यात उशिरा येते. त्यासाठी वाट बघावी लागेल.

भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम तुम्हाला दिलेला असेलच. तो चालेल, पण आरशासमोर करून बघा. खांदा कानाकडे उचलला जात असेल तर बोटं चढताहेत, सांधा नाही. तिथेच थांबा. कप्पीवर दोरी टाकून हात खेचण्याचंही असंच. सुजेच्या काळात उजवा हात उत्साहाने खेचतो आणि डाव्याचं ऐकत नाही. कप्पी नंतर.

रात्री उताणं झोपलात तर डाव्या दंडाखाली घडी केलेली चादर ठेवा. खांदा गादीत मागे पडला की आवरणाचा पुढचा भाग ताणतो आणि पहाटे जाग येते. उजव्या कुशीवर झोपलात तर समोर जाड उशी घेऊन डावा हात तिच्यावर टाका. केंद्रावर लाटण्याचं काम कमरेच्या उंचीवर असल्याने चालू ठेवा, पण एका बैठकीला पन्नास पोळ्या नकोत, मध्ये उठून झोके घ्या. मोठं पीठ मळायचं काही महिने दुसऱ्या कुणाकडे द्या. आणि माळ्यावरची पातेली आजच ओट्याखाली आणून ठेवा.

रात्रीची झोप सलग लागायला लागली, दुखणं फक्त टोकाला ओढल्यावरच येऊ लागलं, की दुसरा टप्पा आला असं समजा. तेव्हा सरांना पुढची कामं करू द्या. तिथे हातांचं खरं कसब लागतं. हात बाजूने वर जात नसेल तर गोळा खाली सरकवायचा, एवढं सरळ आहे. पण पंजा बाहेर फिरत नसेल तर गोळा कुठे सरकवायचा? आम्ही विद्यार्थी असताना शिकलो की पुढे. २००७ मध्ये अमेरिकेत एका छोट्या अभ्यासात दोन्ही करून बघितलं. सहा सिटिंगनंतर पुढे सरकवलेल्यांचं फिरणं सरासरी ३ अंशांनी वाढलं, मागे सरकवलेल्यांचं जवळजवळ ३१ अंशांनी. अभ्यासात माणसं वीसच होती, तरी तेव्हापासून मी आधी मागे सरकवून बघते आणि बहुतेकांना ते कमी दुखतंही. न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांची एक पद्धत अशी आहे की थेरपिस्ट गोळा मागे धरून ठेवतो आणि त्याच वेळी रुग्ण स्वतः हात उचलतो. अट एकच, ते दुखता कामा नये. दुखलं तर दिशा चुकली. ज्यांच्या मनात हिसक्याची भीती बसलीये, त्यांना आपला हात आपण उचलतोय आणि दुखत नाहीये हे अनुभवता येतं. तुम्हाला ही पद्धत मानवेल असं वाटतं.

त्या टप्प्यात काठीचा व्यायाम तोच राहील, फक्त टोकाला वीस-तीस सेकंद थांबायचं, चार-पाच वेळा. श्वास रोखायचा नाही. दाराच्या चौकटीला पंजा टेकवून अंग हळूच उलट बाजूला वळवायचं. उजव्या हाताने डावं कोपर धरून छातीवरून ओढायचं, त्याने आवरणाचा मागचा भाग सैल होतो. मग टॉवेल. इथे ओढ बसेल, थोडं दुखेलही आणि ते चालेल, पण अर्ध्या तासाचा नियम तोच. शेवटी हात सुटू लागला की पाठीचे आणि फऱ्याचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम, रबरी पट्टी वगैरे. ते सोपे असतात आणि लोक नेमके तेच अर्धवट सोडतात.

इंजेक्शनची भीती किती धरायची? मधुमेहात सांध्यातल्या स्टेरॉइडने साखर वाढते हे खरं आहे. बहुधा काही दिवस, मग उतरते. म्हणून ते घेण्याआधी तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला, नंतरचा आठवडाभर घरी रोज साखर तपासा, औषधाचा डोस किती बदलायचा ते त्यांनाच ठरवू द्या. साखर आधीच खूप वर असेल तर ती आधी आटोक्यात आणा. पण हे सगळं सांभाळून इंजेक्शन घ्यावं, या बाजूची मी आहे. ते काम करतं ते सुजेच्या काळातच आणि तुम्ही आत्ता त्याच काळात आहात. त्याने आजार पळत नाही, पण काही आठवडे ते दोन-तीन महिने दुखणं उतरतं, झोप येते आणि त्या मोकळ्या वेळात व्यायाम करता येतो. इंजेक्शन घेऊन व्यायाम केला नाही तर मात्र ती संधी वाया जाते.

भूल देऊन खांदा मोकळा करण्याची आत्ता घाई नको. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले. भुलीखाली हात फिरवणं, दुर्बिणीतून आवरण कापणं आणि इंजेक्शनसह शिस्तीची फिजिओथेरपी, या तिघांमध्ये वर्षअखेरीला रुग्णाला जाणवेल इतका मोठा फरक पडला नाही. शस्त्रक्रियेत गंभीर त्रास मात्र थोडे जास्त दिसले. काहींना ती लागते, मधुमेह असलेल्यांना जरा अधिक वेळा. पण सहा-आठ महिने नीट उपचार करूनही हात अडूनच राहिला, तरच ते दार ठोठवायचं. आणि ते केलंत तरी दुसऱ्या दिवसापासून फिजिओथेरपी आहेच.

हात पहिल्यासारखा होईल का? बहुतेकांचा रोजच्या कामापुरता पूर्ण सुटतो. काहींना टोकाची थोडी हालचाल कमी राहते, विशेषतः पाठीमागची. मधुमेहात वेळ जास्त लागतो आणि ही उरलेली कसर राहण्याची शक्यताही जास्त असते. हे लपवून तुम्हाला धीर देणं मला बरोबर वाटत नाही. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना हा आजार होतो, मधुमेहात त्याच्या कितीतरी पट. चाळिशी ते साठीच्या बायकांत अधिक. थायरॉइडचाही संबंध आहे, तेव्हा रक्त देणारच असाल तर एचबीए१सीसोबत (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) थायरॉइडही बघून घ्या.

उजव्याला होईलच असं नाही, पण काही जणांना पुढच्या पाचेक वर्षांत दुसऱ्या बाजूला होतो. तोच खांदा पुन्हा आखडणं क्वचित. म्हणून महिन्यातून एकदा दोन्ही कोपरं अंगाला लावून दोन्ही पंजे बाहेर फिरवून बघा. उजवा कमी फिरू लागला तर पाच महिने थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या बाहेरची. डावा हात आणि खांदा चालताना किंवा जिना चढताना दुखला, छातीत दाब, घाम, धाप असं काही सोबत आलं, तर तो खांदा समजू नका, लगेच दवाखाना गाठा. मधुमेहात हृदयाचं दुखणं कधी कधी असंच आडवळणाने येतं. खांद्याला लाली, ताप, किंवा कारण नसताना वजन उतरणं, किंवा बोटांना मुंग्या आणि हाताची ताकद जाणं, हेही डॉक्टरांना लगेच सांगण्यासारखं.

आणि हुकांचं. सूनबाई लावून देते यात संकोच कसला, पण स्वतःचं स्वतः करता आलं की बरं वाटतं हेही खरं. आतले कपडे पुढच्या बाजूला हूक लावून मग फिरवून घ्या, किंवा पुढून हूक असलेले आणा. ब्लाउज घालताना डावा हात आधी, काढताना डावा हात शेवटी. अंबाड्यासाठी सध्या केस खाली मानेवर बांधा, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून. डोकं पुढे झुकवलं की हात फार वर न्यावा लागत नाही.